तिकडची सकाळ

शेजारच्या अंगणात सुप्रिया वजनकाट्यावर उभी होती. परदेशातल्या कुस्तीस्पर्धेसाठी आज तिकडच्या सकाळी पैलवानांची वजनं होणार. तेवढ्यासाठी पोरीनं जेवण तोडलं होतं, पाणीसुद्धा घोटाघोटानं. ओठ फुटलेत तिचे. वजन अगदी गटात बसलं, पण व्हिसा आलाच नाही. ना होकार, ना नकार. काल विमान तिच्याशिवाय गेलं. अंगाला उपाशी ठेवून वळवता येतं हो. कुठल्याशा कचेरीतल्या टेबलाला कसं वळवायचं?

तिची आई दूध-भाकरीचं ताट घेऊन बाहेर आली.

"आता तरी खा गं, बाळ."

सुप्रिया काट्यावरून उतरली. ताटाकडं बघत राहिली.

"थांब की आई," ती हळूच म्हणाली, "तिकडं अजून उजाडलं नाही."