वसतिगृहाबाहेरची मुलगी

विद्यापीठाने सिल्वासात आवार सुरू केलं तेव्हा आवार म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. शहरातल्या आमली भागात एका इमारतीचा वरचा मजला भाड्याने घेतलेला, खाली टायरचं दुकान. उन्हाळ्यात रबराचा वास थेट वर्गात यायचा. मी वनस्पतिशास्त्र शिकवायला कुडाळहून आलेली, एकटी. थोडे दिवस काढू आणि कोकणात नोकरी बघू, असं मनाशी ठरवलं होतं. त्याला दहा वर्षं होऊन गेली.

मधल्या काळात गावाबाहेर स्वतःची इमारत झाली, प्रयोगशाळा आल्या आणि मग मुलींचं वसतिगृह. "तुम्ही एकट्याच राहता, तुम्हाला जमेल," असं म्हणून प्राचार्यांनी त्याची देखरेख माझ्याकडे दिली. दिवसभर मी तिथे असायची, रात्री आमलीतल्या माझ्या घरी. पहिल्याच वर्षी तिथे सर्वांत आधी राहायला आली ती खेरडी गावची एक मुलगी. घरी भाताची शेती, बस बेभरवशाची. वसतिगृह नसतं तर तिचं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं.

ती सतत पाणी प्यायची. कडक उन्हातही स्वेटर जवळ बाळगायची. मुली हसायच्या, तीही हसून सोडून द्यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

थंडीत क्रीडास्पर्धा झाल्या. रिलेतल्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि मैत्रिणींनी हिला ओढून उभं केलं. ती जिवाच्या आकांताने धावली. संध्याकाळी मी खोलीत डोकावले तर ती पलंगावर मुटकुळं करून पडलेली, तोंडात ओढणीचा बोळा.

"काय होतंय गं?"

"पाय दुखतात, मॅडम. धावले ना."

मी पोटरीला नुसता हात लावला आणि ती किंचाळली. रिक्षात बसवताना तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मॅडम, मला सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, लहानपणापासून. तुम्ही कुणाला सांगू नका, घरी पाठवतील."

सांगू नका म्हटलं तरी ते लपण्यासारखं नव्हतंच. सलाईन लागलं, वेदनेची इंजेक्शनं झाली, ती आठवडाभर दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. गोळ्या नियमित, पाणी भरपूर, थंडी आणि दमछाक टाळायची. एवढं सांभाळलं तर मुलगी शिकेल, नोकरीही करेल.

तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीचे वडील जवळच्या नरोलीहून आले. धुळ्याकडचे, धाग्याच्या कंपनीत कामाला. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, माझी पोर तिच्या शेजारी झोपते. तिला लागणार तर नाही ना?" हा आजार जन्मतःच असतो, एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "मग राहू द्या ना दोघींना सोबत." इतक्या सहज त्यांना पटलं.

प्राचार्यांना पटलं नाही.

"मला तिची कीव येत नाही असं समजू नका," ते म्हणाले. "पण उद्या रात्री काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"तुम्ही रात्री इथे नसता. आणि असं तोंडी चालत नाही, मॅडम."

तिने दोन दिवसांत खोली रिकामी करावी, असं ठरलं. तिचे वडील न्यायला आले तेव्हा ते कोणाशीच भांडले नाहीत. गादी गुंडाळून जिन्यातून खाली उतरू लागले. त्यांचं ते निमूट उतरणं बघून माझ्या अंगाची आग झाली. मी त्यांना जिन्यातच थांबवलं आणि म्हणाले, "गादी माझ्या घरी न्या. ती माझ्याकडे राहील."

मी देखरेखीचं काम सोडलं. प्राचार्य नंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत.

दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघी राहू लागलो. तिची आई अधूनमधून नागलीचं पीठ, सुकी मासळी घेऊन यायची आणि सगळं घर झाडून जायची. मला संकोच वाटायचा. मुलगी मात्र बदलली होती. पूर्वी खूप बोलायची, आता विचारलं तेवढंच. वसतिगृहासमोरून जायचं टाळण्यासाठी ती आवाराला वळसा घालून वर्गात यायची. टाळेबंदीत ती गावी गेली. तिथे फोनला रेंज नव्हती आणि तिच्या गोळ्या संपल्या असतील या विचाराने मी हैराण असायची. परत आली ती खूप वाळलेली. दुखणं दोनदा उलटलं होतं. सांगताना ती एवढंच म्हणाली, "निभावलं."

पदवीला ती प्रथम श्रेणीत पास झाली. पदवीदान समारंभ आमच्याच आवारात झाला, पहिल्यांदाच. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा प्राचार्यांनी माईक हातात घेतला आणि मोठ्या अभिमानाने इंग्रजीत सांगितलं, "ही आपल्या वसतिगृहात आलेली पहिली विद्यार्थिनी!" टाळ्या झाल्या. ती मान खाली घालून उभी होती. खाली आल्यावर माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई टाळ्या वाजवतेय बघा. तिला कळलंच नाही ते काय म्हणाले."

पुढच्या शिक्षणासाठी तिला सुरतला प्रवेश मिळाला. तिथून एका दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, इथे होस्टेलवाले विचारतात, काही आजार आहे का. काय सांगू?"

मी म्हणाले, "खरं सांग. रात्री-अपरात्री काही झालं तर त्यांना माहीत असायला हवं."

ती म्हणाली, "खोलीतल्या मुलीला सांगते. ऑफिसात नाही सांगणार."

मला तिला समजावायचं होतं. पण कोणत्या तोंडाने आणि कशाच्या भरवशावर, ते मला कळेना. मी विचारलं, "गोळ्या आहेत ना पुरेशा?"

"आहेत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.