फुटेल हं, आधीच सांगतो

साऱ्या सांगलीत दुसऱ्याच्या वस्तूला माझ्या सासऱ्यांइतका भिणारा माणूस झाला नसेल. आणि त्यांचा धंदा तर दुसऱ्यांच्या वस्तू हाताळण्याचाच. सराफकट्ट्यावर त्यांचं लहानसं दुकान होतं. लोक घरातले जुने खडे आणत आणि नव्या अंगठीत बसवून मागत. इतर सराफ खडा ठेवून घेत आणि कधी यायचं ते सांगत. आमचे मामंजी आधी गिऱ्हाइकाला चहा पाजत, मग त्याच्या हातात भिंग देत आणि त्याच्याच खड्यातल्या खोडी त्याला दाखवत. इथे कपची उडालीय, इथे आत रेघ आहे, ही माझ्याकडे यायच्या आधीची, नीट बघून घ्या. बसवताना फुटला तर जबाबदारी तुमची. एका वकिलीणबाईंना त्यांनी लग्नातल्या पुष्कराजाविषयी इतकं खरं सांगितलं, की बाई खडा घेऊन उठल्या त्या थेट माहेरी भांडायला गेल्या.

ही सवय दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. शेजाऱ्यांची छत्री न्यायची झाली, तर ते ती त्यांच्याच अंगणात उघडून, मोडकी काडी दाखवून मगच नेत. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसत असताना ते माझ्या वडिलांना हळूच म्हणाले, "हिच्या कपाळावर डावीकडे व्रण आहे, तो आधीचाच ना? मागाहून बोल नको." वडील रडता रडता हसले. मला मात्र त्या घरी जायला त्या क्षणापासून धीर आला.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. औंधजवळच्या खेड्यातली एक बाई बहिणीकडे सांगलीला आली होती. तिचा नवरा फौजेत होता, तो त्या लढाईतून परत आला नाही. त्याने कधीतरी जयपूरहून आणलेला पाचू तिने पदराच्या गाठीतून सोडला. अंगठी करून हवी होती. मामंजींनी तिला नेहमीचं सगळं सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं. पाचू मुळात ठिसूळ, त्यात याच्या पोटात आडवी रेघ. तिने भिंगाला डोळासुद्धा लावला नाही. "फुटंल तर फुटंल," ती म्हणाली. "डबीत ठिवून तरी काय करू? तुमी बसवा."

तो फुटला. कोंदण दाबताना त्या रेघेवरच दोन तुकडे झाले. मामंजी भर दुपारी दुकान बंद करून घरी आले आणि जेवलेच नाहीत. माझ्या यजमानांनी त्यांची समजूत घातली, की तुम्ही बजावलं होतं, तिने मान्य केलं होतं, तुमच्याकडे कोण बोट दाखवणार? आपल्या पेटीत तसाच, किंबहुना उजवा पाचू आहे, तो बसवून द्या, तिला कळणारही नाही.

"नाही कळणार," मामंजी म्हणाले. "जन्मभर ती माझा खडा नवऱ्याचा म्हणून कुरवाळील. ते पाप मला नको."

बाई एव्हाना गावी परतली होती. तिच्या इथल्या बहिणीकडे निरोप ठेवता आला असता, पण तेही त्यांना पटेना. बाईमाणसाशी बोलायचं म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीत ते काय सांगायचं ते पाठ करत होते आणि मला म्हणून दाखवत होते. एकदा माफी आधी घेत, एकदा जबाबदारी. प्रत्यक्षात तिच्या सोप्यात घोंगडीवर बसल्यावर सगळं विसरले. पुडी उघडून दोन तुकडे तिच्यापुढे ठेवले, शेजारी आपल्या पेटीतला पाचू ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बाई, माझ्या हातून फुटला."

तिने दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. मग पदराने डोळे टिपले आणि पेटीतला पाचू बोटाने मागे सारला. "ह्यो तुमचा, ह्यो नगं." दारात तिच्या दोन्ही मुली येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "अंगठी कुनाला द्यायची, ह्येच कळत न्हवतं बगा. आता वाटणी झाली. दोगींला एकेक करा."

मामंजींनी ते तुकडे घासूनपुसून दोन नाजूक अंगठ्या केल्या आणि पुन्हा स्वतः नेऊन दिल्या. त्यानंतरही ते गिऱ्हाइकाला भिंग देत आणि खोडी दाखवत. पण 'जबाबदारी तुमची' हे वाक्य गेलं. त्याऐवजी ते म्हणत, "फुटला तर मी घरी येईन सांगायला." गिऱ्हाइकं याला जास्त घाबरत.

पुढे दर सुगीला त्या गावाहून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं येऊ लागलं. मामंजी गेले त्या वर्षीही आलं. गाठोडं घेऊन आलेल्या माणसाला मी सांगितलं, की ते आता नाहीत. तो म्हणाला, "ठावं हाय. काकी म्हनल्या, तरीबी न्हेऊन दे."

ते गेल्यापासून घरात कुणी त्यांचा विषय काढत नव्हतं. त्या संध्याकाळी मी शेंगा भाजल्या, आणि टरफलांचा ढीग वाढत गेला तसतसे आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलत राहिलो.