लेव्हलमधून दिसलेलं पाणी

भूतबित असल्या गोष्टींची मी कायम टर उडवत आलोय. सिव्हिल इंजिनिअर माणूस, जे मोजता येतं तेवढंच खरं मानणारा. पण हे मोजतानाच घडलं – म्हणून तर डोक्यातून जात नाही.

मी अमरावतीचा, साइट अकोल्याची. कापसाची जुनी जिनिंग मिल पाडून तिथे शॉपिंग कॉम्प्लेक्स होत होतं. बेसमेंट तयार, वर स्लॅबही टाकलेला. आवारातलं पावसाचं पाणी नदीकडे नेणारी जुनी दगडी नाली मागे होती. नवी पाइपलाइन टाकल्यावरच ती बुजवायची, असं ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं. पण ट्रकना रस्ता हवा होता, आणि एप्रिलात नाली ठणठणीत कोरडी… मी मलबा टाकून बुजवून घेतली. पाइप काय, पावसाआधी टाकू! अकोल्याच्या उन्हात पाऊस आठवतो कुणाला?

मे महिन्यात एका दुपारी मी बेसमेंटच्या फरशीचा उतार तपासत होतो. आकड्यांची उंच पट्टी धरायला माणूस नव्हता, म्हणून रात्रपाळीचे चौकीदार शालिग्रामभाऊ यांना उठवलं. दिवसा ते तिथेच झोपायचे.

"वरतं जीव जाते साहेब, अठी थंडं वाटते."

उतार मोजायच्या लेव्हल यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि… पाणी. काळं, गढूळ, स्थिर. पट्टीवर बरोबर एक पॉइंट सहा मीटरला टेकलेलं. त्याखाली पट्टी नाही, ती धरलेला हातही नाही. डोळा काढला – कोरडी फरशी. भिंग पुसून परत पाहिलं – तेच.

"काय पाहून राहिले साहेब? हात दुखून राहिला ना माहा!"

ऊन लागलं असेल म्हणून मी सामान आवरलं आणि उसाचा रस प्यायला गेलो. कुणाला बोललो नाही. हसं झालं असतं.

जूनमध्ये भरदुपारी बेफाम पाऊस कोसळला. मी जेवायला बाहेर होतो. पाइप अजून रस्त्याकडेला पडलेले. आवारातलं सगळं पाणी रॅम्पवरून बेसमेंटमध्ये उतरलं… आणि शालिग्रामभाऊ खाली झोपलेले. ते जिवंत वर आले नाहीत. पंप लावण्याआधी पातळी मीच मोजली. एक पॉइंट सहा.

मित्र म्हणतात, उन्हाचा भास. मग आकडा कसा जुळला? नाली कुणी बुजवली याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे, ते कुणी विचारत नाही.

नंतर तेल्हाऱ्याला शालिग्रामभाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं एवढंच विचारलं, "साहेब, पाणी भरते हे आंधी कोणालेच समजलं नोतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवला.