बशीवाल्या काकूंचं व्रत

कोराडीच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या काकू बशीत जेवायच्या. चहाच्या बशीत. चतकोर पोळी, चमचाभर घट्ट वरण, कधी उकडलेलं अर्धं अंडं, एवढ्यावर त्यांचं जेवण उरकायचं आणि दोन घंट्यांनी पुन्हा बशी निघायची. बसमध्ये, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, कुठंही. पिशवीत डबा आणि डब्यावर उपडी बशी. सगळी कॉलनी त्यांना बशीवाल्या काकू म्हणायची आणि काकूंना ते चांगलं ठाऊक होतं.

गंमत अशी, की याच काकू आधी उपासांसाठी प्रसिद्ध होत्या. मी लग्न होऊन वर्ध्याहून आले तेव्हा त्या चांगल्या गरगरीत होत्या आणि आठवड्यातले निम्मे दिवस उपाशी असायच्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि मधे एखादा दिवस मोकळा सापडलाच तर कुणाच्या तरी नावाचा नवस. सोबत कडक चहा, तोही तितक्याच भक्तीनं. उपासाला काय चालतं आणि काय नाही, याचा निकाल घ्यायला बाया त्यांच्याकडे यायच्या. भगर चालते, शिंगाडा चालतो, कोथिंबिरीवर मात्र काकू थोडा विचार करायच्या.

मग पोटातला अल्सर फुटला. नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पोटाचा बराचसा भाग काढून टाकला. काकू निम्म्या होऊन परतल्या. त्यांच्या ब्लाउजात आणखी एक काकू सहज मावली असती. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, मंजूला, बजावून सांगितलं होतं. थोडं थोडं खायचं, पण सारखं. जेवताना पाणी नाही, गोड नाही, लोहाची गोळी चहासोबत नाही. आणि महिन्याला एक लाल इंजेक्शन, जन्मभर. कारण त्यातलं जीवनसत्त्व आता अन्नातून अंगी लागणार नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"डॉक्टरसाहेब, हे गोळी उपासाले चालते काय?"

"गोळी चालते," डॉक्टर म्हणाले, "उपास चालत नाही."

काकू दोन दिवस रडल्या. "पोट नेलं त्याचं काही नाही वं सुधे, पण माह्यी चतुर्थी नेली मेल्यानं!" मग डोळे पुसून त्यांनी चोरून उपास सुरू केले. मंजूला सांगायचं, सुधाकडे खाल्लं. मला सांगायचं, घरी खाल्लं. इंजेक्शनला जायच्या दिवशी नेमकं काहीतरी आडवं यायचं. चेहरा पांढराफटक झाला, जीभ लालबुंद झाली, पायांना मुंग्या यायला लागल्या, तरी बाई ऐकेना. शेवटी एका हरतालिकेला त्या माझ्याच स्वयंपाकघरात धाडकन पडल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी मंजूला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर मी खात्री देत नाही. बिचारी मंजू भिंतीला टेकून रडत होती. पलंगावर डोळे मिटून पडलेल्या काकूंनी दोन्ही ऐकलं.

घरी आल्या त्या दिवशी बशी निघाली. "व्रत बदललं," काकूंनी ओट्यावरून जाहीर केलं. "उपास काय, सोपा असते वं. तोंड बंद ठेवलं का झालं. हे पाह्य! भूक नाही तरी खा, तहान लागली तरी थांब, जिलबी समोर आली तरी तोंड फिरव. करून दाखव म्हणा कोणाले!"

आणि काय ते नियम! चहाची सावली गोळीवर पडू नये म्हणून कप वेगळ्या खोलीत. एकदा मोहात पडून दोन चमचे शिरा खाल्ला तर घाम फुटला, छाती धडधडायला लागली. "व्रत मोडलं का लगेच दाखवते," असं काकू आडव्या पडल्या पडल्या समाधानानं म्हणाल्या. लाल इंजेक्शन घेऊन आल्या की पारणं फिटल्यासारख्या दंड चोळत बसायच्या. त्यात माझ्यावर त्यांचा विशेष डोळा.

"काहून वं, खाल्लं काय?"

"हे आले की बसते, काकू."

"तो येईन संध्याकाळच्या बसनं. तुह्यं पोट काय बसची वाट पाहून राहिलं?"

मला राग यायचा. नवऱ्यासाठी उपाशी थांबण्यात माझाही थोडा तोरा होता ना!

मग मंजूचं लग्न ठरलं. कन्यादान करणाऱ्या आईनं लग्न लागेपर्यंत उपाशी राहायचं, ही आमच्याकडची रीत. काकूंची मोठी नणंद आल्या आल्याच म्हणाली, "एक दिवसानं काही होत नाही तुले. पोरीले सासरचे जन्मभर टोमणे मारतीन." बास, एवढ्यानं काकू उपाशी राहायला कबूल झाल्या. डॉक्टरला न भिणारी बाई पोरीला बसणाऱ्या टोमण्यांना भ्यायली.

सकाळपासून बशी निघाली नाही. नवरदेवाची वरात कन्हानहून यायची होती, तिची बस वाटेत बंद पडली आणि गोरज मुहूर्त टळला. मी पदराआड मुगाचं धिरडं घेऊन काकूंच्या मागं मागं फिरत होते. "आत चला, कोणी पाहणार नाही." त्या मान हलवायच्या. ओठ पांढरे पडले होते, हातातलं कुंकवाचं ताट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टेकवून धरलं होतं. मला हरतालिका आठवली.

वरात आली. विहीणबाई तोंड फुगवून समोरच्याच खुर्चीत बसल्या. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हळद लागलेल्या मंजूकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सुधे, बशी आण. इथंच."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"लपून खाल्लं तं चोरी होते. अन् पोरीले माहेरी माय पाहिजे वं, हार घातलेला फोटो नाही."

मांडवाच्या मधोमध काकूंनी पहिला घास घेतला. नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. विहीणबाई ताठ झाल्या.

"हे काय हो? कन्यादान व्हायचं आहे न?"

"माह्यं व्रत आहे," काकू शांतपणे चावत म्हणाल्या. "दर दोन घंट्यानं खायचं, अन् जितं राहायचं. पोटाचं आपरेशन झालं माह्यं. तुम्ही खाल्लं काय?"

विहीणबाईंचा चेहरा बदलला. "कुठचं बाप्पा! माणसायनं ढाब्यावर जेवून घेतलं. आम्ही बाया सकाळपासून चहावर आहो."

काकूंनी उरलेलं धिरडं बशीसकट पुढं सरकवलं. भांडायच्या तयारीनं आलेली ती बाई मुकाट्यानं खायला लागली. मंजूला टोमणा कोण मारणार आता! लग्न उशिरा लागलं, पण कन्यादानाला काकू खणखणीत उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात तीन-चार बाया व्रताचे नियम विचारायला आल्या. मीही त्यांत होते.

मंजूची मुलं शाळेत जायला लागली तोवर काकू बशीत जेवत, इंजेक्शनं घेत मजेत जगल्या. मग एका तापानं त्यांना नेलं. मी फार रडले. वेळेवर "खाल्लं काय" विचारणारं माझं माणूस गेलं होतं.

तेरवीला रीतीप्रमाणं पुरुषांची पंगत मांडायला घेतली, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या विहीणबाई काठी टेकत उठल्या. "थांबा गा. आज पहिले बाया बसतीन." पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले, मग हळूहळू बाजूला झाले. आम्ही बसलो. मंजूनं माझ्यापुढं पान मांडलं नाही. काकूंची बशी ठेवली. पहिला घास घेतला, हात पाण्याच्या गिलासाकडे गेला, आणि मी तो मागं घेतला. माझं पोट शाबूत आहे, मला जेवताना पाणी चालतं. पण त्या दिवशी मी थांबले.