चार विहिरींची फळी

आमच्या मामांइतका दिव्यावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. देवापुढच्या दिव्याबद्दल मी म्हणत नाही. तो मामी लावायच्या, आणि तो विझला तरी मामांच्या ध्यानात यायचं नाही. मामांचा विश्वास होता हातबॅटरीत असतो त्या बोराएवढ्या बल्बवर. जगातली कुठलीही गोष्ट तारेनं त्या बल्बाला जोडली की ती आपलं सुखदुःख सांगू लागते, असं त्यांचं पक्कं मत होतं. "मशीन बोलस, बाई," ते मला म्हणायचे, "आपलेच ऐकू येत नही."

मामा म्हणजे माझ्या मायचे चुलतभाऊ. सोनगीरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि घर तिथून दोन कोसांवर आमच्याच गावात, आमच्याच गल्लीत. घरात पाय ठेवला की कुठला ना कुठला दिवा लागायचा. उंबऱ्यावर पाय पडला की हिरवा. पाण्याचा रांजण अर्ध्यावर आला की लाल. मागच्या दारच्या मोरीत कोणी अंघोळीला बसलं की ओट्यावर पांढरा, त्यामुळे मामींची अंघोळ कधी झाली हे गल्लीला ठाऊक असे. शेवटी मामींनी ती तार विळीवर कापली. एकदा चहा उकळला की कळावं म्हणून मामांनी चुलीपासून आपल्या बैठकीपर्यंत दिवा ओढला. मामी म्हणाल्या, "मी पाच हातवर उभी शे. मी सांगसू ना, चहा व्हयना म्हणून!" मामा म्हणाले, "तू रागमा राहिनी तं सांगस नही. दिवाले राग येस नही." त्या दिवशी दिवा लागला, पण चहा काही आला नाही.

आता आमच्या घरचं सांगते. आमची दोन एकर जमीन, एक विहीर आणि तिच्यावर एक मोटर. मोटरीला तीन तारांतून वीज लागते, तीन फेज म्हणतात ते. त्यातला एक गेला की मोटर घुमते, तापते आणि जळते. आमची एका वर्षात दोनदा जळली. धुळ्याला नेऊन तिच्या आतली जळकी तार पुन्हा भरून आणायची म्हणजे पंधरा-वीस दिवस, आणि तेवढ्या उन्हात भुईमूग कोण टिकवणार? दुसऱ्यांदा जळली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं की मोटर चालू असेपर्यंत घरातलं कोणीतरी विहिरीवर बसलंच पाहिजे. नाना आणि माय दोघंही रोजानं दुसऱ्यांच्या शेतात जायचे. राहिले मी. वीज असली की माझी शाळा नाही, आणि शाळेत असले की सगळा जीव विजेच्या तारांकडे. आवाज जरा बदलला की धावत जाऊन लाल बटण दाबायचं, एवढंच माझं काम. मी नववीत असताना मास्तर घरी आले आणि म्हणाले, हजेरी अशीच राहिली तर पोरीचं नाव कापावं लागेल. नाना खाली मान घालून म्हणाले, "कापा मग. मोटर जळनी तं आम्ही काय खावो?"

हे बोलणं मामांनी त्यांच्या ओट्यावरून ऐकलं. माणसाला यंत्राजवळ राखणीला बसवतात याचा त्यांना भारी अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करून जळगावला गेले आणि तिथल्या भंगार बाजारातून टेलिफोनच्या जुन्या तारेची भलीमोठी वेटोळी घेऊन आले. एस.टी.च्या कंडक्टरनं विचारलं, "एवढ्या तारेचं तिकीट कोण काढणार?" मामा शांतपणे म्हणाले, "एका टोकाचं काढतो. दुसरं टोक चालत येईल."

मग ती तार विहिरींपासून मामांच्या ओट्यापर्यंत ओढली गेली आणि ओट्यावर सुरू झाली फळी. जुन्या कपाटाचं दार आडवं करून त्यावर मामांनी रंगानं सगळं शिवार काढलं. नाला, निंबाचं झाड, आमची विहीर आणि शेजाऱ्यांच्या तीन. प्रत्येक विहिरीखाली तीन फेजांचे तीन दिवे, लाल, पिवळा, निळा. रंग मामींच्या नखपॉलिशचा आणि कपड्यांच्या निळीचा; पिवळ्यासाठी अर्थातच हळद. दिव्यांखाली प्रत्येक विहिरीचं एक बटण होतं, ओट्यावरून दाबलं की तिकडे मोटर बंद. आणि पाण्यासाठी तर कमालच केली. विहिरीत वनस्पती तुपाचा रिकामा डबा तरंगत ठेवला आणि त्याची दोरी रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या खुंटीला गुंडाळली. पाणी उतरलं की डबा उतरे, खुंटी फिरे, आणि इकडे फळीवर काटा खाली येई. गावातल्या बायका तेव्हापासून म्हणू लागल्या, "आज नानाची विहीर हळू बोलस."

मामा दिवसभर दुकानात, म्हणून फळीची राखण आली मामींकडे. मामींना अक्षर येत नव्हतं. पण मिरच्यांची देठं खुडता खुडता त्या चार विहिरी अशा वाचायच्या की महिनाभरात मामांनाच त्यांना विचारावं लागे. "निळा मंद शे, तासभरमा लाइट जाई," असं त्या म्हणाल्या की ती जायचीच. ओट्यावर म्हाताऱ्यांची बैठक भरू लागली. कोणाची मोटर उगाच चालू आहे, कोणी पाणी चोरतंय, सगळं उघड्यावर आलं. आणि मी शाळेत जाऊ लागले. दहावीचं पूर्ण वर्ष मी एकही दिवस विहिरीवर बसले नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि नेमका तेव्हाच घोटाळा झाला. इतिहासाचा पेपर देऊन मी घरी येते तर गल्लीत गर्दी. दुपारी आमच्या विहिरीचा पिवळा दिवा विझला होता. मामींनी "पिवळा गया! पिवळा गया!" असं ओरडून बटण दाबलं, नाना हातातलं काम टाकून तापत्या उन्हात धावत शेतात गेले. पाहतात तर तिन्ही फेज ठणठणीत. मोटरीला काही झालंच नव्हतं. फळीवरचा बल्बच जळला होता.

लोक पोट धरून हसत होते. मामा जळका बल्ब तळहातावर घेऊन उभे होते, मेलेली चिमणी धरावी तसे. नाना हसत नव्हते. "आज तुना दिवा उगाच विझना," ते म्हणाले. "उद्या फेज जाई आन् तुना दिवा उगाच लागेल राही. मंग? उद्यापासून पोर विहीरवर."

उद्या विज्ञानाचा पेपर होता. आमच्या घरात नानांच्या शब्दापुढे बोलायची रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर नानांचं चुकत होतं असंही मला वाटत नव्हतं. माय भाकरी थापता थापता थांबली होती, तेवढंच आठवतं.

सकाळी मी पुस्तक पदराखाली लपवून विहिरीवर गेले. तर मोटरीच्या खोपटाबाहेर मामा आधीच बसलेले! डोक्याला टॉवेल, शेजारी भाकरीचं फडकं. यंत्राजवळ माणूस बसवणं म्हणजे माणसाचा अपमान, असं आयुष्यभर म्हणणारा माणूस कान मोटरीकडे लावून बसला होता.

"मामा, दुकान?"

"दुकान काय पळी जास? तू जाय. अकरानी घंटी व्हई जाई."

मी धावतच सोनगीरचं परीक्षा केंद्र गाठलं. राहिलेल्या चारही पेपरांना मामा विहिरीवर बसले. दुकानाला कुलूप, लोकांचे रेडिओ मुके, आणि मामा उन्हात. नाना रोज शेतात जाताना त्यांना बघायचे. शेवटच्या पेपराच्या दिवशी नाना त्यांच्याजवळ टेकले, तंबाखूची चंची पुढे केली आणि एवढंच म्हणाले, "घर चाल, भाऊ. तुनी फळी नीट कर." मामांनी नीट केली. आता प्रत्येक फेजाला दोन-दोन दिवे. "एक खोटं बोलना तं दुसरा चहाडी करी," मामा सांगायचे. त्या वर्षानंतर आमची मोटर पुन्हा कधी जळली नाही.

मी पास झाले. बारावीही झाली आणि मी धुळ्याच्या कॉलेजात सायन्सला गेले. पहिल्या दिवाळीला घरी आले तर फळीच्या कोपऱ्यात, सगळ्या विहिरींपासून दूर, एक नवा दिवा दिसला. कुठलीच तार त्याला गेलेली नव्हती. मागे नुसता एक सेल बांधलेला.

"हाऊ दिवा कोना शे, मामा?"

"तुना," मामा म्हणाले. "धुळालोंग तार पोचनी नही अजून."

मग मामींनीच सांगितलं. माझं पत्र आलं की मामा ते मायला वाचून दाखवायचे आणि हातानं तो दिवा लावायचे. गल्लीतून जाणारा माणूस बघून घ्यायचा की पोर खुशाल आहे. मी आळशी होते, पत्रं कमी लिहायची. अजून त्याची टोचणी आहे मला. कधी कधी महिना महिना तो दिवा तसाच राहायचा, आणि मामी म्हणायच्या, मामा येता-जाता त्याचा बल्ब काढून पुसायचे आणि पुन्हा बसवायचे.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. विहिरीवर नवी यंत्रं आली, फळी मामींनी काढू दिली नाही. पण माझा निकाल लागला त्या दिवशी मामा होते. माझ्या दिव्याचा सेल संपलेला निघाला, म्हणून त्यांनी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या रेडिओतला काढला. दिवा लागला. नाना ओट्यावर येऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

मी बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरातली पहिली.