साखरची शेपटी कोणी तोडली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आमच्या पोपटाला सगळं माहीत आहे — पण तोच त्यात अडकलेला, तो कशाला सांगेल?

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, बोलता येत नाही. म्हणजे तोंड आहे, पण समोर माणूस आलं की जीभ टाळूला चिकटते. तुम्ही समोर नाही, म्हणून एवढं तरी जमतंय.

आमचं घर घाटंजीत, दोन खोल्यांचं. नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर, घरी कधीमधी. एकदा वादळात कडुलिंबाखाली पंख मोडलेला पोपट सापडला. पंख वाकडाच जुळला, उडता येईना, म्हणून राहिला. सगळ्यांवर हुकूम सोडतो, म्हणून नाव पडलं सरपंच. मग मला सोबत म्हणून नवऱ्यानं दोन पांढरे उंदीर आणले. दोन्ही माद्या — नाहीतर घरात आम्हालाच जागा उरली नसती! एक साखर, एक मीठ. गल्लीतल्या बायका किती हसल्या. लोक उंदरांना औषध घालतात, आणि ही मंदा त्यांना भाकरी चुरून घालते!

हसू द्या. मी तिघांनाही जिवापाड जपलं. सरपंचाचा पिंजरा पुढच्या खोलीत आकड्याला, उंदरांचा मागच्या खोलीत फळीवर. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी सरपंचाला बाहेर ओट्यावर न्यायचं, धूर त्याला सोसत नाही. उंदरांखालच्या चिंध्या रोज बदलायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम — सरपंच मोकळा असला की मधल्या दाराला कडी. पोपटाची चोच म्हणजे अडकित्ताच. नवऱ्यानं बजावलं होतं, "तुह्या चुकीनं एकालेही काही झालं ना, तर दोन्ही उंदरं वापस नेऊन देईन. मंग रडत बसू नको."

आता सांगते. थांबा, आधी रानीबद्दल सांगायला हवं.

रानी म्हणजे शेजारच्या शमीम आपांची मांजर. आपांच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, घर आमच्या भिंतीला भिंत लावून, दोन्ही अंगणांमध्ये एकच बुटकी भिंत. या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा आपाच बोलल्या. मी उत्तर देत नव्हते, तरी त्या बोलतच राहिल्या. असं माणूस कुठे भेटतं? रोज संध्याकाळी त्या वाटीत दूध घेऊन भिंतीजवळ यायच्या आणि हाक मारायच्या, "रानी, आ, आ!" रानी यायची, आणि इकडे पिंजऱ्यात सरपंच तीच हाक घोटायचा.

त्या दुपारी ऊन फार होतं. सरपंच बाहेर, फरशीवर ठुमकत होता. कडी लावायची — हो, लावायचीच होती. पण फरशी गार लागली आणि मी आडवी झाले. डोळा लागला. जाग आली ती साखरच्या किंचाळण्यानं. तिची शेपटी नेहमीसारखी सळ्यांतून बाहेर लोंबत असणार. सरपंच चोचीनं धरत फळीवर चढून पिंजऱ्याच्या माथ्यावर बसलेला, चोचीत शेपटीचा तुकडा, आणि चेहरा असा की ग्रामसभा नुकतीच आटोपली आहे.

मी हळद लावली. रक्त थांबलं. साखर तर थोड्या वेळानं दाणेही खाऊ लागली. आणि नेमका त्याच संध्याकाळी नवरा घरी आला.

"हे कोनं केलं?"

काय सांगितलं मी? काहीच नाही. एक शब्द नाही. भिंतीवर रानी पंजा चाटत बसली होती — मी फक्त हनुवटी तिकडे उचलली. तेवढंच. खिडकीतून पंजा घातला असेल वगैरे बाकी सगळं नवऱ्यानं स्वतःच जुळवलं आणि भिंतीवरून ओरडला, "आपा, तुमच्या मांजरीनं आमच्या साखरची शेपूट तोडली ना!"

आपांचा नवरा पाना हातात घेऊनच आला. म्हणाला, रानीनं आजवर चिमणी धरली नाही, हे खोटं असेल. तर आपा त्याच्यावरच उखडल्या, "काहीही नका बोलू! जे बाई खरं बोलाले लाजते, ते खोटं कायले बोलन?"

तेव्हा बोलायचं होतं. एवढं मोठं दार उघडलं होतं समोर. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आपांनी रानीला टोपलीत घालून बोरी अरबला बहिणीकडे पाठवलं. टोपलीवर ओढणी बांधली होती, आतून आवाज येत होता. वर मलाच वाटीभर खीर आणून दिली — "माफ कर मंदा" म्हणत. आणि मी ती खाल्ली. गोड होती, काजू घातलेली. चाटूनपुसून खाल्ली.

पुढे काय झालं असेल? आपांच्या घरात खरे उंदीर शिरले! तुरीच्या डाळीचं पोतं फोडलं, दुकानात गिऱ्हाइकाच्या गाडीची सीट कुरतडली. आपा येऊन हसत म्हणाल्या, "वा मंदा! तुह्या उंदरांले झुला, अन् माह्या उंदरांले डाळीचं गोदाम!" मी काय केलं? त्यांना उंदीर पकडायचा सापळा दिला. मी! त्यांनी त्याबद्दलही उपकार मानले.

रानी तिकडे म्हशीच्या दुधावर गोल झाली म्हणतात. आपा भेटायला गेल्या, तर तिनं ओळख दिली नाही. हे सांगतानाही आपा हसल्याच, पण मध्येच चहा नुसता ढवळत बसल्या.

पांढरे उंदीर फार जगत नाहीत. साखर म्हातारी होऊन गेली, तिच्यामागे मीठ. ज्यांच्यासाठी खोटेपणा केला त्या दोघीही उरल्या नाहीत, आणि आपांनी मांजर पुन्हा पाळली नाही. आता फळीवर तपकिरी ठिपक्यांची नवी उंदरीण, गुळी आहे, तिच्या पिंजऱ्याला बारीक जाळी आहे, आणि कडी मी दोनदा ओढून बघते.

सरपंच ठणठणीत. दिवेलागणीला अजूनही आपांच्या आवाजात ओरडतो, "रानी, आ, आ!" भिंतीपलीकडून आपांचं हसू येतं, "बिचारीची याद एकटा सरपंचच काढते गं!"

शेपटी सरपंचानं तोडली. कडी मी लावली नव्हती. रानी त्या दिवशी भिंतीवरून उतरलीसुद्धा नव्हती.

मी उठून पिंजऱ्यावर फडकं टाकते. सरपंच गप्प होतो. मी तर आधीपासूनच गप्प असते.