पारोसं पाणी

आमच्या मल्हाररावांना पाण्याच्या रंगावरून वार सांगता येतो. देवासच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामावर आहेत. सोमवारी निळं कापड निघतं, बुधवारी डाळिंबी, शुक्रवारी हळदी, आणि तसतसं पाणी हौदात उतरतं. मल्हारराव कठड्याला टेकून बघत राहतात. मी एकदा म्हणालो, "अहो, काम करता की स्वप्नं बघता?" तर म्हणाले, "सर, हौद भरायला चार तास लागतात. तेवढ्यात दुसरं काय करू?"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. एकतीस वर्षं फळ्यावर राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या लिहिली. संध्याकाळी आम्ही दोघं गावातली देवीची टेकरी चढतो आणि अर्ध्या वाटेवर दम लागला की बसतो. खाली सगळं देवास धुरकट उन्हात पसरलेलं असतं. मल्हारराव कारखान्याच्या नाल्याची रेघ शोधत बसतात. मग एकदम म्हणतात, "सर, परवा सोडलेलं पाणी आता क्षिप्रेत पोचलं असेल. तिथून चंबळ, मग यमुना, मग गंगा." मी चिडून सांगतो की उन्हाळ्यात क्षिप्राच कोरडी असते, तुमचं पाणी जातंय कुठलं गंगेला! "मग थांबेल कुठे तरी सावलीत," ते शांतपणे म्हणतात. अशा माणसाशी वाद काय घालणार?

एकदा त्यांनी मला विचारलं, "सर, जे पाणी मी घाण होऊ दिलं नाही, ते तुमच्या राष्ट्रीय उत्पन्नात कुठल्या रकान्यात लिहितात?" मी खवळलो. पाणी शुद्ध करायच्या औषधांची किंमत धरतात, मल्हाररावांचा पगार धरतात. न बिघडलेल्या पाण्याला रकाना नाही. तसं सांगितलं, तर त्यांना माझीच कीव आली.

त्यांच्या घरी आता दोनच माणसं: ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कुशल धार जिल्ह्यात पीथमपूरला मशीनवर असतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. मल्हाररावांना तो घरी हवा होता. एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून उघड ऐकली आहे. आणि ती पुरी व्हायची वेळही आली होती. कारखान्याचं नवं युनिट निघणार होतं, दोनशे माणसं घेणार होते, आणि कुशलचं नाव मॅनेजर विक्रमसिंहांनी स्वतः यादीत घातलं होतं.

अट एकच होती. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीने सांगितलं होतं, आधी तुमची श्रेणी काढा. पर्यावरण कसं सांभाळता, माणसांना कसं वागवता, कारभार किती सरळ आहे, या तिन्हींची मिळून एक श्रेणी. ती चांगली आली तरच नव्या युनिटचा माल उचलणार.

ही श्रेणी काढायला आली ती नेमकी माझी धारची भाची, ईशानी. इंदूरच्या एका संस्थेत ती हेच काम करते. मुक्काम आमच्याकडे. मराठी बोलते गोड, वाचताना मात्र अडखळते. पहिल्याच दिवशी जेवताना मी तिला छेडलं, "काय गं, कंपन्या नीट वागल्या म्हणून देश वाढतो, की वाढलेल्या देशालाच नीट वागणं परवडतं?"

"मामा, आकडे दोन्हीकडून बोलतात," ती म्हणाली. "चांगल्या कारभाराच्या देशांची वाढ टिकते, असं बऱ्याच जणांना दिसलंय. पण पहिल्या काही वर्षांत खर्च वाढतो, वाढ जरा सुस्तावते, असं पण दिसतं. किसके बाद क्या, ते अजून नक्की नाही."

"मग तू मोजतेस काय?"

"जे समोर दिसतं ते."

समोर दिसण्याजोगी त्या कारखान्यातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे मासे. शुद्ध झालेल्या पाण्याची एक दहा बादल्यांची काचेची टाकी फाटकाशी ठेवली होती, आणि तिच्यात अकरा सोनेरी मासे. पाहुणा आला की विक्रमसिंह त्याला आधी तिथे नेत. मासे जगताहेत म्हणजे पाणी चांगलं, आणखी काय दाखवायचं? त्यांची देखभाल मल्हाररावांकडे होती. कामावर येताच ते टाकीपाशी उभे राहत, आणि मासे काचेशी गोळा होत. त्या दहा मिनिटांत त्यांना हाक मारलेली ऐकू जात नसे.

ईशानी टाकीपाशी आली तेव्हा विक्रमसिंह शेजारीच होते. तिने कौतुकाने विचारलं, "काका, किती छान ठेवलेत! काय करता तुम्ही यांच्यासाठी?"

मल्हारराव खुलले. "काही नाही गं. रोज सकाळी दोन बादल्या पाणी काढतो आणि दोन बादल्या ताजं घालतो. आमच्या अक्काचा नेम आहे, मुक्या जीवाला पारोसं पाणी देऊ नये. रात्रभर राहिलेलं पाणी आमच्या घरी देवालाही नाही आणि गाईलाही नाही."

"ताजं म्हणजे या पाइपचं?"

हा प्रश्न साधा होता. विक्रमसिंहांनी मागून घाईने होकार भरला, "हव, हव, इसी का! आगे चलें मैडम?"

मल्हाररावांनी मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्यांना टाकीतलं पाणी पहिल्यांदा दिसलं. तीन वर्षं ते माशांना रोज दोन बादल्या बोरिंगचं पाणी घालत होते. फाटकाशीच बोरिंगचा नळ होता. पारोसं पाणी काढायचं आणि ताजं भरायचं, हे हातच करत आले होते, डोकं कधी मध्ये आलंच नाही. तीन वर्षं सगळ्या पाहुण्यांनी बोरिंगच्या पाण्यातले मासे पाहून कारखान्याची पाठ थोपटली होती. फसवणूक करायचा विचारही ज्याच्या मनात आला नाही, त्याच्याच हातून ती रोज सकाळी होत होती.

होय म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. विक्रमसिंहांनी तर तसं म्हणूनही टाकलं होतं.

"नाही बेटा," मल्हारराव म्हणाले. "बोरिंगचं. चूक झाली माझी."

ईशानीने लिहून घेतलं. मग म्हणाली, टाकी रिकामी करून तुमच्या पाइपच्या पाण्याने भरा, आठ दिवस त्यात दुसरा थेंब घालू नका, मी परत येते. संध्याकाळी टेकरीवर मल्हारराव मला म्हणाले, "सर, मला वाटतं जगतील. इतकी वर्षं मीच शुद्ध केलंय ते." पाचव्या दिवशी तीन मासे उलटे तरंगताना दिसले. आठव्या दिवशी चार उरले. प्रयोगशाळेच्या कागदावर सगळे आकडे मर्यादेत होते. पण त्या कागदावर नसलेलं काही तरी पाण्यात होतं. त्या आठवड्यात मल्हारराव टेकरीवर आले, बसले, पण गंगेपर्यंत गेले नाहीत.

श्रेणी हवी होती त्यापेक्षा एक पायरी खाली आली. परदेशी कंपनीने कळवलं, दोन वर्षांनी पुन्हा बघू. विक्रमसिंह आठ दिवस मल्हाररावांशी बोलले नाहीत, मग त्यांनीच नव्या गाळण्यांची मागणी वर पाठवली आणि ती मंजूरही झाली. नवं युनिट मात्र दुसऱ्या राज्यात गेलं. मला भाचीचा रागही आला आणि अभिमानही वाटला. तिला पोहे वाढताना मी तिच्याकडे धड बघू शकलो नाही.

शनिवारी कुशल आला. मी तिथेच बसलो होतो. तो चपला न काढताच दारात उभा राहिला.

"बाबा, खरं आहे का? तुम्ही स्वतःहून बोललात?"

"हो रे."

"अकरा मछलियों के पीछे? दोनशे जणांचं काम गेलं, माझं गेलं. तुम्हाला मी इथे नको होतो का?"

मल्हाररावांचे डोळे भरले. "हवा होतास. आताही हवा आहेस. रोज जेवताना तुझं ताट मांडावंसं वाटतं मला."

"मग बोललात कशाला? मॅनेजरसाब तर हो म्हणाले होते."

मल्हाररावांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता क्षिप्रा येईल, चंबळ येईल, खाली नाल्याकाठी गुरांना पाणी पाजणारी गावं येतील. त्यातलं काही आलं नाही.

"तिने विचारलं रे मला," ते म्हणाले.

कुशल आत गेला. रविवारी तो बापासोबत जेवायला बसला नाही. सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी वर्तमानपत्र मागायला गेलो, तर कुशल घरातच. पहाटेची बस त्याने सोडली होती. अक्का पोळ्या लाटत होती, आणि तो बापाच्या शेजारी पाटावर बसून जेवत होता. दुपारच्या गाडीने जाईन म्हणाला. त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. मी एकतीस वर्षं जे शिकवलं त्या हिशेबाने, त्या सकाळी देशाचं तेवढं नुकसान झालं.